माझे ते पान कोण उघडत होते?

मी एक जुना ग्रंथ आहे, मित्रांनो. ख्रिस्ती माणसे मला पवित्र शास्त्र म्हणतात. छापून आलो तेव्हा माझ्या कडा सोनेरी होत्या. दौंडला रेल्वे कॉलनीमागच्या लहान प्रार्थनामंदिरात लोक हात धुऊन मला उचलत. मला त्याचा गर्व होता.

तिथे पोपटराव पेटी वाजवत. पाटसच्या साखर कारखान्यातल्या सत्यजीतवर त्यांचे प्रेम होते. दोघे पाटसला एकाच घरात राहत. १९९६च्या नाताळाआधी हे मंडळीत कळले. पाळक मारुतरावांनी माझ्यातला प्राचीन हिब्रू नियम मोठ्याने वाचला : पुरुषाने पुरुषापाशी स्त्रीसारखे निजू नये. पोपटराव पेटी मिटून उठले आणि पुन्हा आले नाहीत.

पुढच्या मार्चमधल्या एका दुपारी, मंदिराला कुलूप असताना, माझी पाने उलटू लागली. वारा नव्हता. पाने त्याच नियमाशी थांबली. मग एक थंड बोट ओळीवरून सरकू लागले, एकेका शब्दाशी अडत. हात मात्र दिसत नव्हता. तेव्हापासून मारुतरावांनी कुठेही खूण घातली तरी मी त्याच पानावर उघडायचो. मित्रांनो, ते मी करत नव्हतो.

लोक कुजबुजू लागले. शेवटी झाडलोट करणारी रंगुबाई भर प्रार्थनेत उभी राहिली.

"पाळकसाहेब, सारखं तेच पान उघडतंय. त्याचा अर्थ तुमास्नी खरंच ठावं हाय का?"

मारुतराव हिब्रू शिकलेले होते. ते म्हणाले, "मूळ शब्द आहेत, 'स्त्रीची अंथरुणं'. म्हंजे नेमकं काय, यावर जाणत्यांचंही एकमत नाही. आन् पुढच्याच पानावर दोन जातींच्या सुताचं कापडही मना केलंय. मी मिश्र धाग्यांच्या टेरिकॉटचा सदरा घालून उभा आहे."

"मंग त्या माणसाला का घालवलंत?"

मारुतरावांनी प्रार्थना तिथेच थांबवली. मला पिशवीत घालून त्यांनी पाटसची एसटी धरली.

सत्यजीतने दार उघडले. "उशीर केलात. पोपटराव मार्चात काविळीनं गेले, भर दुपारी. सारखं विचारायचे, त्या ओळीत नक्की काय लिवलंय?"

मारुतराव उंबऱ्यावरच बसले. मग त्यांनी मला उघडले आणि मूळ शब्द, त्यांचे निरनिराळे अर्थ, स्वतःची शंका आणि स्वतःची चूक सारे मोठ्याने सांगितले. सत्यजीतकडे पाहून नव्हे, कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेकडे पाहून. ते थांबले, तसे माझे पान हळूच मिटले.

मित्रांनो, माझी फाटलेली पाने चिकटवता येतात. पण न कळलेली ओळ माझ्यातून उचलून कुणावर फेकू नका. ती परत घ्यायला जाल, तेव्हा तो माणूस घरी असेलच असे नाही.