बारापर्यंतचं मौन

दुपारी बारापर्यंत मौन, हे माझं रोजचं व्रत. बर्फ तुडवत एकटीच तळ्याकाठच्या लॉजवर पोचले, तेव्हा पावणेबारा झाले होते. मी चिठ्ठी पुढे केली : ‘तळ्याकडची शेगडीची खोली, आधीच ठरवलेली.’

मालकीणबाई नणंदेला म्हणाल्या, “मुकी दिसते बिचारी, म्हणजे बहिरीही असणार. हिला मागची गार खोली देऊ. शेगडीच्या खोलीत तुझ्या भावाला झोपवू. त्याच्या घोरण्यातून सुटेन तरी.”

“आमचा दादा घोरत नाही हं, वहिनी.”

कागद-पेन्सिल हाताशीच होती, पण मी जपच करत बसले. बाराचे ठोके पडले.

“बाई,” मी हळूच म्हटलं, “शेगडीची खोली मलाच द्या. घोरण्याचं यजमानांना सांगणार नाही.”

किल्ली लगेच मिळाली. संध्याकाळपर्यंत मौन मालकीणबाईंनी पाळलं.