डंपरमामांची माती

"मामी, खिडकी लावून घ्या. आता तुमचं अंगण खोदायला घेतोय."

डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, तोंडावर जाड मास्क. आत मुकादम आहे हे मामींनी नुसत्या आवाजावरून ओळखलं. त्यांनी खिडकी ओढून कडी घातली आणि मागे वळून पाहिलं. खाटेवर मामा जागे होते.

"कसलं मशीन गं ते?"

"पाण्याचे पाइप टाकताहेत."

"आत्ता सुचलं? सरकारी काम, अख्खा जन्म थांब!"

मामा अर्ध्याच तोंडाने हसले. झटक्याने डावं अंग गेलं होतं, जीभ जडावली होती; थट्टा मात्र जागच्या जागी होती. मामीही हसल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, पण वर्षभरात झाली होती.

गल्ली मुळात खोलगट. पाऊस लागला की गटाराचं पाणी थेट चुलीपाशी. मामा तेव्हा डंपर चालवायचे. कारखान्यामागे दगडाची जुनी खाण होती. कारखान्याने वर्षानुवर्षं टाकाऊ रसायनांची पिंपं तिच्यात रिती केली, आणि खाण भरल्यावर वर माती लोटून जमीन सपाट केली. पुढे तिच्या कडेने रस्ता निघाला, तेव्हा खोदलेल्या काळ्याभोर, भुसभुशीत मातीचे ढीग तिथेच पडून राहिले. कुणाच्या मालकीचे नाहीत, कुणाला नको असलेले. "रिकामा डंपर घरी आणणं म्हणजे पाप," असं म्हणत मामा रोज संध्याकाळी एक खेप गल्लीत आणायचे. आज याच्या दारात, उद्या त्याच्या. बदल्यात कुणाचा कपभर चहासुद्धा घेतला नाही. सगळी गल्ली उंच झाली. घरात पाणी शिरायचं थांबलं. लोकांनी फुलझाडं लावली, आणि त्या मऊ मातीत पोरं घरं बांधू लागली.

समोरच्या शिवणवालीची लेकही त्यांतलीच. दप्तर पाठीला लागतंय न लागतंय, तोच रक्ताच्या आजाराने गेली. मग आणखी दोन-तीन घरांत तेच. लोक म्हणाले, नशीब.

मामा अंथरुणाला खिळल्यानंतर सरकारी माणसं आली, बाटल्यांत विहिरीचं पाणी आणि पिशव्यांत अंगणातली माती भरून घेऊन गेली. शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. पिंपांत होतं तेच मातीत आहे, तेच पाण्यात उतरलंय, असं सांगण्यात आलं. "पण ही माती गल्लीत आणली कुणी?" साहेबांनी विचारलं. कुणी मामांचं नाव घेतलं नाही. मामींनी मान खाली घातली. शिवणवाली तेवढी उठून बाहेर गेली. त्या दिवसापासून तिने मामींचा उंबरा ओलांडला नव्हता.

तेव्हापासून मामी पहाटे हात जोडून एकच मागणं मागत. यांना ठेव नाहीतर ने, तुझी मर्जी. पण कळू देऊ नकोस.

दुपारी मामांनी कान टवकारले. "आज शिवणवालीचं मशीन कसं गप्प?"

तिचंही अंगण खोदायला घेतलं होतं, म्हणून ती रस्त्यावर उभी होती. दार किलकिलं होतं. मामांना तिची साडी दिसली.

"ये गं पोरी आत! उन्हात काय उभी राहिलीस?"

शिवणवाली आत आली, भिंतीला टेकून उभी राहिली. गळ्यात मापाची टेप तशीच होती.

"पाणी शिरत नाही ना गं आता घरात?"

बाहेर यंत्राचा दात दगडावर घासला. शिवणवालीने मामींकडे पाहिलं, मग मामांकडे.

"नाही मामा. तुम्ही माती टाकलीत तेव्हापासून थेंब नाही."

"बघ! आणि तुझी पोर मातीत घरं बांधून ठेवायची. डंपर वळवताना ती चाकाखाली येतील म्हणून मी गल्लीच्या तोंडापासून डंपर उलटा आणायचो. मागून भोंगे वाजवायचे लोक, शिव्या घालायचे. म्हटलं घाला."

"आठवतं मला," ती म्हणाली, आणि तडक स्वयंपाकघरात गेली.

मामी मागोमाग गेल्या. ती ओट्याची कड धरून उभी होती.

"सांगायलाच आले होते मामी. वर्षभर एकच वाक्य तोंडात घोळवतेय."

"मग?"

"सांगू कुणाला? मामांना?" तिने टेप बोटाभोवती करकचून गुंडाळली. "राग गेला असं समजू नका. आहे."

"असू दे गं," एवढंच मामी म्हणू शकल्या. पाणी पुढे केलं, ते तिने घेतलं नाही. मागच्या दाराने निघून गेली.

अंगण गुडघाभर खोल गेलं. फुलझाडं मुळांसकट प्लास्टिकच्या पिशव्यांत गेली. मामींनी मुकादमाला विचारलं, "ही माती नेणार कुठे?"

"दुसऱ्या खड्ड्यात. लांब आहे."

"तिथे कुणी राहत असेल ना, बाबा?"

मुकादमाने मास्क सारखा केला. "खाली जाड कागद घालतात, मामी. प्लास्टिकचा."

नवी माती पडली तेव्हा मामांनी हट्टच धरला. मुकादमाने आणि मामींनी धरून त्यांना खुर्चीवर बसवलं, दारात आणलं. मामांनी वाकून चिमूटभर माती उचलली, जुन्या सवयीने नाकाशी नेली, बोटांत चुरली.

"हलकी आहे. जीव नाही हिच्यात." त्यांनी समोर पाहिलं. शिवणवाली दारात उभी होती. "माती होती ती माझी! काय गं पोरी?"

ती आत वळली. क्षणभराने तिच्या मशीनचा आवाज सुरू झाला.

मामींनी घमेल्यात पाणी आणलं, मामांचा हात त्यात धरला. माती स्वच्छ आहे हे त्यांना ठाऊक होतं. तरी एकेक बोट चोळलं, एकेक नख.

"अगं, सालटं काढतेस की काय?" मामा म्हणाले.

पाणी गढूळ झालं. घमेलं उचलून मामी पायरीपर्यंत गेल्या आणि थांबल्या. हे ओतायचं कुठे, ते त्यांना कळेना.