चौदावं हॉटेल

सूप समोर आलं तेव्हा मिस्त्रीने चमचा उचलण्याआधी घड्याळ पाहिलं. पाण्याचे मीटर दुरुस्त करायच्या त्याच्या वर्कशॉपमध्ये जेवणाची सुट्टी संपायला वीस मिनिटं होती. वर्कशॉपच्या आसपासचं हे चौदावं हॉटेल. आधीच्या तेरा ठिकाणी त्याने तिखट, आंबट, गोड, सगळं मागवून पाहिलं होतं आणि सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागलं होतं.

तीन महिन्यांपूर्वी ताप आला आणि जाताना तोंडाची चव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, नाहीतर नाही येणार. त्यांना काय जातंय म्हणायला! बायकोला मात्र त्याने यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं तिच्या हातच्या जेवणाला तो मनापासून दाद देत आला होता, आणि त्या एका शब्दासाठी ती ताटाकडे कान लावून बसायची. तिला कसं सांगायचं? मग घास गिळायचा आणि 'झकास' म्हणायचं. डबा तेवढा त्याने बंद करवला, "सकाळची धावपळ नको तुला" म्हणून, आणि दुपारी हॉटेलं पालथी घालायला लागला.

शेजारच्या टेबलावरच्या गिऱ्हाइकाने सुपाची वाटी पुढे ढकलली. "अहो मालक, तोंडात धरवत नाही हे."

मालकाने चव घेतली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून विचारलं, "तू पण मीठ घातलंस?"

"तुम्ही घातलंय हे मला कसं कळणार?" आतून त्याची बायको म्हणाली. "तीन दिवस बोलताय कुठे माझ्याशी?"

सगळे हसले. मिस्त्री हसला नाही. पहिल्याच चमच्याला त्याच्या जिभेच्या कडा चरचरल्या होत्या. त्याने घाईघाईने दुसरा चमचा घेतला, मग तिसरा. खारट होतं. देवा, चांगलं सणसणीत खारट होतं.

"राहू द्या, दुसरं देतो," म्हणत मालक वाटी उचलायला आला.

"हात लावू नका," मिस्त्री म्हणाला. त्याने वाटी दोन्ही हातांनी धरली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मालक ओशाळून बाजूला झाला.

संध्याकाळी तो तरंगतच घरी आला. बायकोला काही कळलंच नव्हतं, तेव्हा आता सांगायचीही गरज नव्हती. बला टळली. दोघं जेवायला बसली. पहिला घास तोंडात गेला आणि तो नकळत बोलून गेला, "अगं, मीठ विसरलीस भाजीत."

तिचा हात थांबला.

"विसरले नाही. दीड महिना घालतच नाहीये," ती म्हणाली. "एकदा खरंच राहिलं होतं, तर तुम्ही झकास म्हणालात. तेव्हाच ओळखलं मी. म्हटलं, ज्या दिवशी कुरकूर कराल त्या दिवशी चव आली समजायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

त्याला फार दिवसांनी छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं. मग एकदम काहीतरी लक्षात येऊन त्याने विचारलं, "आणि तू काय खात होतीस?"

"हेच. वरून घेतलं असतं तर तुम्हाला दिसलं असतं ना."

तो उठून मिठाची बरणी घेऊन आला आणि त्याने आधी तिच्या ताटात मीठ वाढलं.