तिसरी सही

मी सूचना फलक बोलतोय. हो, तोच. तळमजल्यावर लिफ्टच्या बरोबर समोर टांगलेला, ज्याच्याकडे तुम्ही लिफ्ट यायला उशीर झाला तरच बघता. दचकू नका. एकवीस वर्षं तुम्ही माझ्या अंगात टाचण्या टोचल्यात, आज दहा मिनिटं माझं ऐकलंत तर काही बिघडणार नाही.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. कुणाच्या तरी कपाटातून उरलेलं प्लायवुड, त्यावर ताणून बसवलेलं जाड हिरवं कापड, भोवती लाकडी पट्ट्या आणि पुढे काचेची दोन दारं. दारांना इवलंसं कुलूपही होतं. त्याची किल्ली पहिल्याच महिन्यात हरवली. एक काच दुसऱ्या वर्षी फुटली आणि दुसरी कोणीतरी काढून नेऊन घरच्या टेबलावर घातली. तेव्हापासून मी उघडाच आहे. सुरुवातीला लाज वाटायची, आता सवय झाली.

माझ्या कपाळावरची अक्षरं चौथ्या मजल्यावरच्या पेंटरकाकांची. पाट्या रंगवण्यात उभा जन्म गेलेला माणूस. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. मला रंगवायला त्यांनी तीन दिवस लावले. आमचे सेक्रेटरी तेव्हाही हेच होते, फक्त केस काळे होते. ते वैतागून म्हणाले, "काका, सहाच तर अक्षरं आहेत!"

"अक्षरं सहा आहेत, पण मधल्या जागा पाच," काका म्हणाले. "त्या जमल्या की अक्षरं आपोआप जमतात."

मग खाली उजव्या कोपऱ्यात त्यांनी बारीकशी सही केली. ही त्यांची रीतच. जिथे माझं नाव, ते काम माझं, असं ते म्हणत. बरं झालं तरी माझं आणि बिघडलं तरी माझंच. पाटी बिघडली म्हणून पोऱ्यावर किंवा रंगावर ढकलणं त्यांना कधी जमलं नाही.

एकवीस वर्षांत मी माणसं खूप पाहिली, पण मला वाचणारी मोजकीच. पाणी बंद असल्याची सूचना मी आठवडाभर छातीवर मिरवतो, आणि बरोबर त्या दिवशी अर्धी इमारत बादल्या घेऊन विचारत फिरते, "कोणी सांगितलं का नाही?" अहो, सांगितलं होतं! एकदा मांजर हरवल्याचा कागद लागला होता. पांढरी, शेपटीला काळा ठिपका, शोधून देणाऱ्याचे आभार. सगळे उभे राहून हळहळत होते, आणि ते मांजर त्यांच्याच पायाशी, माझ्या खालच्या पायरीवर बसून अंग चाटत होतं. मी काय करणार? मला तोंड असतं तर ही इमारत निम्म्या भांडणांतून वाचली असती.

सहीचा कागद लागला की मात्र गर्दी होते. सही करायला माणसांना मनापासून आवडतं. वर काय लिहिलंय ते कोणी फारसं बघत नाही, आधी कोणी कोणी केली ते मात्र नीट बघतात.

आता मुद्द्यावर येतो, कारण हे सगळं मी त्यासाठीच सांगतोय.

पेंटरकाकांकडे एक कुत्रा आहे. नाव ठोंब्या. अंगाने दांडगा, अठ्ठावीस किलो वजनाचा, आणि नावाप्रमाणेच वागणारा. दारात चोर आला तर तो आधी त्याच्याकडे खाऊ आहे का ते बघेल. काकू गेल्यानंतर त्या घरात काकांशी बोलणारं कोणी उरलं नाही, म्हणजे ठोंब्या बोलत नाही, पण ऐकतो. लिफ्टची वाट बघताना काका त्याला आदल्या दिवशीच्या गप्पा पुढे सांगत असायचे. त्याला तेरावं वर्ष लागलं आणि मागचे पाय आखडले. तेव्हापासून दोघं लिफ्टनेच ये-जा करायचे.

दुसऱ्या मजल्यावर शाळेतून निवृत्त झालेल्या बाई राहतात. लहानपणी त्यांच्या पोटरीचा लचका एका कुत्र्याने तोडला होता. एका सकाळी त्या लिफ्टमध्ये असताना काका ठोंब्याला घेऊन आत शिरले. ठोंब्याने बाईंची पिशवी हुंगली. बाई कोपऱ्यात अशा चिकटल्या की दुसरा मजला आला तरी त्यांना पाऊल उचलवेना. चौथ्यापर्यंत गेल्या आणि तिथून दोन मजले पायी उतरल्या. काकांना पत्ता नाही, ते ठोंब्याशी बोलत होते.

बाईंनी सेक्रेटरींना एवढंच सांगितलं की काहीतरी करा. आणि आमचे सेक्रेटरी म्हणजे, त्यांना 'काहीतरी करा' म्हटलं की ते टाइपच करतात. दुसऱ्या दिवशी माझ्या छातीवर कागद. 'लिफ्टच्या वापराबाबत.' खाली सहा मुद्दे. दार अडवून धरू नये, कपाटं-सोफे नेऊ नयेत, असलं सगळं नेहमीचं. आणि चौथा मुद्दा: पाळीव कुत्र्यांना लिफ्टमधून नेता येणार नाही.

पहिली सही खुद्द सेक्रेटरींची. दुसरी पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याची. तेवढ्यात काका ठोंब्याला फिरवून परतले.

"काका, लिफ्टचं आहे. करून टाका सही."

काकांनी खिसे चाचपले. चष्मा वर राहिला होता. एका हातात पट्टा, दुसऱ्या हाताने त्यांनी पेन घेतलं आणि केली. पाट्यांवर करायचे तशीच वळणदार, पण चष्म्याविना मोठी झालेली, दोन रकाने व्यापणारी.

मी सगळं पाहत होतो. मी ओरडलो, म्हणजे ओरडायचा प्रयत्न केला. एक टाचणी सैल झाली, एवढंच. सेक्रेटरींनी ती अंगठ्याने दाबून बसवली.

मग काय विचारता! चार दिवसांत चोवीसपैकी तेवीस घरांच्या सह्या. प्रत्येकजण येई, चौथा मुद्दा वाचून थबके, मग नजर खाली जाई. "अरे, काकांनीच केलीय! मग आपल्याला काय," असं म्हणून लगेच पेन. बाई सगळ्यात शेवटी आल्या. त्यांनी शिक्षिकेसारखा पहिल्यापासून शेवटपर्यंत कागद वाचला, पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. काकांच्या सहीकडे बघून स्वतःशीच म्हणाल्या, "माणूस समजूतदार आहे." आणि केली.

महिनाअखेरीला सेक्रेटरी काकांना माझ्यासमोर घेऊन आले. "हे सहा मुद्दे लिफ्टशेजारी पत्र्यावर रंगवून हवेत. तुमच्याशिवाय कोण करणार?"

या वेळी चष्मा होता. काका वाचत गेले. चौथ्या मुद्द्याशी थांबले. मग त्यांचं बोट सह्यांवर गेलं. पहिली, दुसरी, तिसरी. बोट तिथेच राहिलं.

"हे कधीपासून?"

"एक तारखेपासून. तुम्ही मोठ्या मनाने सही केलीत म्हणून जमलं बघा, नाहीतर कोण करणार होतं?"

मला वाटलं, आता बोलतील. बोला की हो काका! एक वाक्य पुरे आहे! काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि विचारलं, "पत्रा किती बाय किती हवा?"

असला राग आला मला त्यांचा. अजूनही येतो.

एक तारखेपासून काका ठोंब्याला उचलून नेऊ लागले. बहात्तर पायऱ्या, दिवसातून तीनदा. ठोंब्याचे पुढचे पाय एका खांद्यावरून लोंबत असत आणि त्याला हे वाहन भलतंच आवडलं होतं. शेवटच्या पायरीवर काका माझा आधार घेत. त्यांच्या तळहाताचा घाम माझ्या चौकटीला लागे. शेजारी लिफ्टमधून उतरत आणि म्हणत, "काय तब्येत ठेवलीय काका! मानलं बुवा!" वेंधळ्यांनो, निदान त्यांच्या तोंडाकडे तरी बघा! तिसऱ्या आठवड्यात ते जिन्यात धडपडले. फार लागलं नाही, पण वेगळ्या घरी राहणाऱ्या त्यांच्या मुलीला कळलं. ती फोनवर इतक्या मोठ्याने बोलत होती की मलाही ऐकू आलं. "बाबा, एक तर तुम्ही पडाल, नाहीतर तो. माझ्या मैत्रिणीकडे अंगण आहे, जिने नाहीत. रविवारी गाडी घेऊन येते."

रविवारी सकाळी काका माझ्या खालच्या पायरीवर बसले होते. शेजारी ठोंब्या. पिशवीत त्याचं भांडं, पांघरूण, एक फाटका बूट. बाई भाजी घेऊन आल्या आणि सवयीने चार हात लांब थांबल्या.

"कुठे निघाली स्वारी?"

"हा निघालाय. मुलगी नेतेय. मला आता जिने झेपत नाहीत, बाई."

"कायमचा?"

काकांनी मान डोलावली.

बाईंनी ठोंब्याच्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "रागावू नका, पण जिने झेपणार नव्हते तर सही कशाला केलीत?"

"चष्मा वर राहिला होता."

"म्हणजे? तुम्ही वाचलंच नव्हतं?"

"नाही."

बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. "अहो, मी तुमची सही बघून केली! सगळ्यांनी तुमचीच बघून केली! बोलला का नाहीत?"

"नाव माझं होतं ना खाली. आणि तुम्हाला खरंच भीती वाटते. ती काही खोटी नाही."

"वाटते की! पण मला वाटते, लिफ्टला नाही वाटत. आत शिरायच्या आधी 'बाई, आम्ही येतोय' एवढं म्हणाला असतात, तर मी पुढच्या फेरीने गेले असते. एवढंच म्हणणं होतं माझं. त्याचे सहा मुद्दे कोणी करायला सांगितले होते?"

मग बाईंनी जिन्यात तोंड घालून सेक्रेटरींना अशी हाक मारली की वर्गातली शेवटची रांगसुद्धा उठून उभी राहिली असती. सेक्रेटरी आले. गळ्यात टेप घेऊन शिंपी आला. आणखी सात-आठ घरांतली माणसं घरच्याच कपड्यांत खाली उतरली. बाईंनी एकेकाला विचारलं आणि एकेकाने तेच उत्तर दिलं, "आम्हाला वाटलं, काकांनाच चालतंय."

"पण तेवीस सह्यांचा ठराव आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"ज्यांनी केल्या ते बरेचसे इथेच उभे आहेत. बाकीच्यांकडे मी जाऊन येते. काढा तो कागद. पत्रा अजून रंगायचाय, ते बरंच झालं."

सेक्रेटरींनी माझ्या छातीवरच्या चारही टाचण्या उपटल्या. मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

तेवढ्यात मुलगी आली, हातात गाडीची किल्ली. "बाबा, निघायचं ना?" शिंप्याने पुढे होऊन लिफ्टचं बटण दाबलं.

दार उघडलं आणि आमचे ठोंब्यामहाराज दारासमोर फतकल मारून बसले. आत जाईनात. वर काकांकडे बघून त्यांनी पुढचे दोन्ही पाय उचलले. उचलून घ्या म्हणे! लोक हसायला लागले. काका हसले आणि हसता हसताच त्यांना रडू कोसळलं. डोळे पुसत ते त्याला उचलायला वाकले, तर कंबर धरून तिथेच थांबले.

बाई पुढे झाल्या. एकट्याच लिफ्टमध्ये शिरल्या, कोपऱ्यात उभ्या राहिल्या, भाजीची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली. त्यांचा आवाज कापत होता, पण मोठा होता.

"ठोंब्या, ये. ये म्हटलं ना!"

ठोंब्या उठला आणि मुकाट्याने आत गेला. मागोमाग काका.

दार मिटलं. दारावरचे आकडे मला इथून दिसतात. एक लागला. दोन लागला. दुसरा मजला बाईंचा, मला वाटलं, आता थांबेल. थांबली नाही. तीन. चार.

या गोष्टीला सहा महिने झाले. पुढच्या आठवड्यात माझ्या जागी सूचनांचा पडदा लागणार आहे, विजेवर चालणारा, आपोआप पानं उलटणारा. लागू दे. माझं कापड विटलंय, टाचण्या धरवत नाहीत, माझी तक्रार नाही. फक्त एक सांगणं आहे. मला भंगारात द्यायच्या आधी काही दिवस तरी इथेच, समोरच्या भिंतीला टेकवून ठेवा, तोंड लिफ्टकडे करून. सकाळी साडेसातला त्या दोघांबरोबर बाईही उतरतात. अजून कोपऱ्यातच उभ्या असतात, पण पिशवी आता एकाच हातात असते.