दाराजवळची जागा

"आखडलाय," दादा म्हणाला. "भिजून आखडलाय तंबू."

तो गवतावर गुडघे टेकून बसला होता. दोन्ही खांब उभे होते, त्यांच्यावर आडवा पाइप होता, आणि पाइपावर टाकलेलं कापड दाराच्या बाजूला चांगलं हातभर अपुरं पडत होतं. आखूड सदऱ्यातून पोट दिसावं तसा तो पाइप उघडा पडला होता.

"माळ्यावर कोरड्यात ठेवलेला तंबू भिजेल कसा?" वहिनीने विचारलं.

"मग तूच सांग, काय झालंय ते."

"मी कशाला सांगू? जोडतानाच म्हटलं होतं, पाइप जास्त वाटतोय. तर म्हणालास, तुला काय कळतंय त्यातलं."

आई ओढ्याकाठच्या दगडावर बसून हे ऐकत होती. तिला कशालाही हात लावू द्यायचा नाही, असं आम्ही तिघांनी घरीच ठरवलं होतं. ते तिच्या लक्षात आलं होतं, आणि आवडलं नव्हतं. निघताना पायात बूट घालता घालता तिने एवढंच सांगितलं होतं, "तंबू उभा राहिला तर दरवर्षी येऊ. नाही राहिला, तर हे त्यांच्याबरोबरच संपलं म्हणायचं. मला कुठल्या लॉजवर नेऊन झोपवायचं नाही."

दादाने तिच्या नकळत खालच्या लॉजमध्ये एक खोली सांगून ठेवली होती. आता तो दर थोड्या वेळाने खालच्या रस्त्याकडे बघत होता.

बाबांचं दुकान म्हणजे रस्त्याच्या वळणावरची एक अरुंद खोली. गाड्यांच्या सीटची कव्हरं, ट्रकच्या ताडपत्र्या, दुकानांपुढची कापडी छपरं असं सगळं ते शिवायचे. तंबूही त्यांनीच शिवला होता, कामातून उरलेल्या कापडांचा. मागचा भाग ताडपत्रीचा, हिरवा. मधले खाकी. दाराजवळचं कापड एका आइस्क्रीमवाल्याच्या छपराचं, त्यावर लाल पट्टे. घरात माणूस वाढलं की तंबूत एक जोड वाढायचा. मी झाले तेव्हा एक वाढला. दादाचं लग्न ठरलं तेव्हा बाबा टेप घेऊन वहिनीसमोर उभे राहिले होते.

"सूनबाई, झोपेत लाथा मारतेस का? आत्ताच सांगून टाक, त्या हिशोबाने कापड घेतो."

वहिनी लाजेने लाल झाली होती. पण खालच्या आवाजात म्हणाली, "थोड्या." बाबांनी चार बोटं जास्त धरली.

आत झोपायचा क्रमही ठरलेला होता. सगळ्यात मागे आम्ही, मग आई, आणि दाराजवळ लाल पट्ट्यांखाली बाबा. "जनावर आलंच तर आधी मला खाईल. त्याचं पोट भरलं की तुम्ही सुटलात." हे दर वर्षी. "तुमच्यात खाण्यासारखं आहे काय?" हे आईचं, तेही दर वर्षी.

गेल्या वर्षी बाबांना दुकानाची पायरीसुद्धा दमवत होती, म्हणून आम्ही आलो नाही. या वर्षी बाबा नव्हते.

ऊन समोरच्या कड्यावर गेलं. गवताला गारवा यायला लागला. दादाने एक खुंटी उपटली आणि ती हातात तशीच धरून उभा राहिला. आईला कसं सांगायचं, याची जुळवाजुळव तो करत होता, हे मला त्याच्या मानेवरून कळत होतं.

तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं.

"दादा, लाल पट्टे कुठेत?"

"कसले?"

"दाराजवळचं कापड. आइस्क्रीमवाल्याचं."

कापडाची सुरुवात खाकीने होत होती. दाराच्या दोन झडपा होत्या, त्यांचे बंद होते, गाठी होत्या. पण झडपा थेट खाकीला जोडलेल्या होत्या. आम्ही तिघं त्या जागेकडे बघत राहिलो. मागे आई उठल्याचा आवाज आला. तिला बस म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

तिने झडपेजवळच्या शिवणीवर अंगठा फिरवला. बाबांची टीप रुळासारखी सरळ असायची. ही तशी नव्हती. मध्येच तिरपी जात होती, मध्येच थांबून पुन्हा सुरू झालेली. एका ठिकाणी मशीन सोडून दाभणाने हातशिलाई केलेली होती.

"म्हणजे हे होतं गिऱ्हाइकाचं काम," आई म्हणाली.

"कुठलं गिऱ्हाईक?" वहिनीने विचारलं.

"शेवटी शेवटी रोज दुकानात जाऊन बसायचे ना. मी चहा घेऊन गेले की मांडीवरच्या कामावर चादर ओढायचे. म्हणायचे, गिऱ्हाइकाचं आहे, घाईचं आहे. मी चिडले एकदा. म्हटलं, गिऱ्हाइकाला सांगा, माणूस आजारी आहे, थांब म्हणावं. तर म्हणाले, हे गिऱ्हाईक थांबणारं नाही."

दादाने वरच्या आडव्या पाइपाकडे बघितलं. म्हणाला, "पाइप."

"काय पाइप?"

"दुकानात मशीनच्या मागे एक पाइप वेगळा ठेवलेला होता. बाकीची मोळी बांधून तयार होती. मला वाटलं, हा बांधायचा विसरले. म्हणून मीच घेतला त्यात."

त्याने आडव्या पाइपाचा शेवटचा तुकडा फिरवून काढला. पुढचा खांब अलीकडे सरकवला. कापड जराही ओढाताण न करता खांबापर्यंत आलं आणि बेतून शिवलेल्या कपड्यासारखं बसलं. तंबू उभा राहिला. चार माणसांचा.

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही.

"वजन कमी केलं," दादा म्हणाला. "माझी पाठ धरते ना. म्हणून." तंबू कायम बाबा खांद्यावरून वाहायचे, कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. आज वर चढताना दादा वाटभर कुरकुरला होता, की बाबा हे धूड कसं आणायचे.

आईने तंबूची रिकामी पिशवी उचलली. ती नवीन होती, हे माळ्यावरून काढतानाच आम्ही बघितलं होतं. दोन खांद्यांना अडकवायची, आणि बंदांमध्ये सीटचा स्पंज भरलेला. आईने हात घालून ती उलटी केली. आतून लाल पट्टे बाहेर आले.

"मला विचारलं नाही," आई म्हणाली.

"आई..."

"नाही, मला बोलू दे. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतली. सूनबाईला विचारलं, लाथा मारतेस का. मला एकदा विचारायचं होतं, तुझ्या शेजारी केवढी जागा हवी. मी सांगितलं असतं, राहू द्या होती तेवढी. रिकामी तर रिकामी." तिने पिशवी छातीशी धरली होती. "उसवून मोकळे झाले. मोठे आले हिशोबी."

वहिनी पुढे झाली. आईने तिला हाताने थांबवलं आणि नाक पुसलं.

"आता बघत काय बसलात? खुंट्या ठोका. पाणी मारायचं राहिलंय."

पाणी मारणं हा बाबांचा नियम होता. तंबू उभा राहिला की आम्हाला सगळ्यांना आत बसवायचे आणि ओढ्यातून बादली भरून आणून तांब्याने एकेका शिवणीवर ओतायचे. बाहेरून ओरडायचे, "गळतंय का?" लहानपणी दादा आणि मी मुद्दाम "गळतंय, गळतंय" म्हणून किंचाळायचो. ते खरं समजून मेणाचा तुकडा घेऊन धावत आत यायचे. वहिनी पहिल्या वर्षी आली, तेव्हा तिच्या कानावर थेंब पडत असतानाही ती "नाही हो बाबा" म्हणाली होती. बाबा हसले नाहीत. "सूनबाई, बाकी कुठेही माझी भीड ठेव. इथे नको. गळत असेल तर गळतंय म्हणायचं. त्याशिवाय शिवण सुधारायची कशी?" त्यानंतर आमच्यात सगळ्यात चोख उत्तर तिचंच असायचं.

"पाणी मी मारते," मी म्हणाले.

"तू आत बस. मी मारणार."

बादली मात्र दादाने भरून आणली. मग आम्ही तिघं आत जाऊन बसलो. चौघांपुरतीच जागा होती, गुडघ्याला गुडघे लागत होते. कापडाला मेणाचा आणि दुकानाचा वास होता. बाहेर आईची पावलं तंबूभोवती सावकाश फिरत होती. मागच्या शिवणीवर पाणी पडलं, सरसरत खाली गेलं.

"गळतंय का?"

"नाही!"

मधली शिवण. "गळतंय का?"

"नाही!" आमचे आवाज एकत्र निघाले. आता त्यात थोडं लहानपण आलं होतं.

मग पावलं दाराशी आली. आई बराच वेळ थांबली. आम्ही तिघंही वर बघत होतो. पाणी पडलं. हातशिलाईच्या जागी, जिथे बाबांनी दाभण धरलं होतं, तिथे कापड आधी काळसर झालं. तिथे एक थेंब जमला, फुगला, सुटला आणि खालच्या प्लास्टिकवर टप्प वाजला. लगेच दुसरा तयार व्हायला लागला.

"गळतंय का?"

दादाने हात वर केला आणि तळवा थेंबाखाली धरला. आवाज थांबला.

मी वहिनीकडे बघितलं. ती त्याच्या तळव्याकडे बघत होती.

"नाही आई," ती म्हणाली. "अजिबात नाही."

"बघ हं नीट."

"बघितलं. कोरडं आहे."

आईने आणखी एक तांब्या भरल्याचा आवाज आला. या वेळी तिने पाणी अगदी हळू ओतलं, त्याच शिवणीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हात लांब करायला तिला टाचा उंच कराव्या लागल्या असतील.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "त्यांची शिवण आहे."

दादाचा तळवा भरत आला होता. त्याने दुसरा हात खाली धरला. आई दारातून आत यायला वाकेपर्यंत तो तसाच बसून राहिला. मग त्याने ते पाणी अलगद झडपेबाहेर सोडलं, ओले हात शर्टाला पुसले आणि आपलं अंथरूण ओढून दाराजवळ घातलं.