गावासमोर वाचलेला करार

फाटक्या तोंडाची सोमारी म्हणते गाव मले. म्हणू दे! देवानं तोंड देल्लं ते का फक्त भात खायाले?

आमचं गाव एटापल्लीहून आत, जंगलात. येशूले मानणारी घरं थोडी. चर्च नाई, प्रार्थना आमच्याच अंगणात होते. कोरपन्याहून पास्टर लोकेशभाऊ येते. माणूस वाईट नाई, गळा त लय गोड. पण त्या रविवारी प्रार्थना संपली अन् त्यानं डोळे मिटले. म्हणे, "देवानं मले दर्शनात सांगतलं. करिश्माचं लगन माझ्या भाच्याशी, विक्कीशी. पुढच्याच महिन्यात."

अरे बापा! करिश्मा माझी पोरगी. गडचिरोलीले नर्सिंग शिकून राह्यली, एक वर्ष बाकी. सुट्टीत घरी आली होती. तिचं तोंडच उतरलं. माझा नवरा सुकलू मान खाली घालून बसला; देवाचं नाव आलं का त्याची वाचाच जाते. मले मात्र असा राग आला का विचारू नका.

"पास्टरभाऊ," मी म्हणलं, "देवानं तुमाले सांगतलं, मंग मले काऊन नाई? तिच्या बापाले काऊन नाई?"

"सोमारीबाई, देवाशी आपला करार आहे. तो धनी. धन्याले सवाल नाई करत."

करार! ह्या शब्दानं त मी पेटलीच.

"करार का असते ते आमाले नका शिकवू जी. तेंदूपत्त्याच्या हंगामात ठेकेदार येते, ग्रामसभा बसते. करार साऱ्या गावासमोर मोठ्यानं वाचते, गोंडीत समजावते, मंगच गाव हाव म्हणते. कोणाच्या कानात सांगतलेला करार आमी मानत नाई. अन् तुमीच शिकवलं ना, देवानं डोंगरावर करार केला, मोशेनं तो साऱ्या लोकायले वाचून दाखवला? देव धनी आहे, हाव! पण देल्लेला शब्द पाळणारा धनी आहे. त्या शब्दात तुमच्या विक्कीचं नाव कुठी आहे ते वाचा. आत्ता, साऱ्यायसमोर."

लोकेशभाऊच्या मांडीवर बायबल होतं. त्यानं उघडलं नाई. आवाज मात्र चढवला, "तू देवाविरुद्ध बोलून राह्यली! तू ह्या मंडळीतून बाहेर. ऊठ इथून."

उचलली जीभ लावली टाळ्याले! माझ्याच अंगणातून मलेच ऊठ म्हणते.

"देवाविरुद्ध नाई, तुमच्याविरुद्ध," मी म्हणलं अन् मांडी ठोकून तिथंच बसली. "तुमी धन्याचे चाकर. चाकरानं धन्याच्या नावानं आपला हुकूम चालवू नये."

भेव नव्हतं असं नाई. मंडळीनं टाकलं त उद्या मेल्यावर माती द्याले कोण येईन? पण उठली नाई.

मंग लोकेशभाऊ करिश्माकडं वळला, आवाज मऊ करून. "बेटी, तू त समजदार आहेस. देवाले हाव म्हणशीन ना?"

करिश्मा उभी राह्यली. डोळे पुसले.

"देवानं विचारलं त त्याले हाव म्हणीन," ती म्हणाली. "आता तुमी विचारून राह्यले. तुमाले नाई म्हणतो."