दोन कप्प्यांची डबी

मी एक जुनी पितळी डबी आहे. मित्रांनो, माझ्या पोटात मधोमध एक पातळ पडदा आहे, म्हणून माझे दोन कप्पे झाले. पनवेलच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले, तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता. कापडाचे दुकान चालवणाऱ्या नियाजभाईंनी मला आपल्या नव्या नवरीसाठी, कुबराबीसाठी घेतले. एका कप्प्यात सुपारी, दुसऱ्यात लवंग-वेलची. पाहुणे आले की मी हातोहात फिरे. "काय सुबक डबी!" असे कोणी म्हटले की मला धन्य वाटे.

पुढे काही वर्षांनी कुबराबीच्या पायात रक्ताची गुठळी झाली. मुंबईच्या इस्पितळातून ती परतली, ती रक्त पातळ ठेवणारी गोळी घेऊन. सुपारीच्या जागी आता ती गोळी आली. लवंग-वेलचीही हळूहळू संपली आणि माझा दुसरा कप्पा रिकामा पडला.

मग नियाजभाईंचा धाकटा भाऊ शकील जहाजावरून सुट्टीला आला.

"भाभी किती वाळल्यात! हे व्हिटॅमिन द्या त्यांना. दिलाला ताकद येते," तो म्हणाला.

मधाच्या थेंबांसारख्या त्या पिवळ्या गोळ्या माझ्या रिकाम्या कप्प्यात आल्या. रोज सकाळी नियाजभाई एक इकडची गोळी, दोन तिकडच्या, अशा कुबराबीच्या तळहातावर ठेवत आणि तिने पाणी पिईपर्यंत समोर उभे राहत. दुकानाची कुलपे त्यानंतरच उघडत.

काही आठवड्यांनी कुबराबीच्या दंडावर निळे डाग उठू लागले. दात घासताना हिरड्यांतून रक्त येई. ती बाही खाली ओढून घेई आणि कोणाला काही बोलत नसे. इतक्या मायेने देणाऱ्या माणसाला आणखी धास्ती कशाला, असे तिला वाटे. मी उशाशी बसून सारे पाही, पण डबीला वाचा कुठली?

गव्हाणची ठमाबाई सुकी मासळी विकायला येई आणि कुबराबीपाशी घटकाभर टेके. त्या दिवशी तिने सहज मैत्रिणीचा हात धरला आणि बाही वर सरकली.

"अगो बाय, ह्यो हात असा काळानिळा कशान झाला?"

"बांगडी लागली असेल."

"बांगडी येवढी लागतंय? आनी वोढनीला ह्या रगत कसला?"

"नाकातून आलं जरासं. त्यांना सांगू नकोस, ठमा."

"नाय कशी सांगू? तू मेलीस मंग सांगू?" ठमाबाईचे डोळे भरले. टोपली तिथेच टाकून ती थेट दुकानाकडे धावली.

नियाजभाईंनी कुबराबीला आणि गोळ्यांसकट मलाही टांग्यातून डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी विचारले, "या गोळीशिवाय आणखी काही घेतात का?"

"नाही साहेब. दवा एवढीच. बाकी फक्त व्हिटॅमिन, ताकदीचं."

डॉक्टरांनी मला उघडले. पिवळी गोळी त्यांनी उजेडात धरली. "नियाजभाई, हे ई व्हिटॅमिन. जास्त झालं की हेही रक्त पातळ करतं. एका गोळीनं रक्त आधीच पातळ होतंय, त्यात याची भर पडली. आता थांबायला वेळ नाही. मुंबईला न्या."

"म्हणजे मीच... रोज माझ्या हातानं?" नियाजभाई आपल्या तळहाताकडे पाहत म्हणाले.

"मायेनंच दिलंत. पण विचारून द्यायला हवं होतं."

इस्पितळात रक्त तपासले. मूळची गोळी तिथल्या डॉक्टरांनी काही दिवस थांबवली आणि पुढे मोजूनमापून पुन्हा सुरू केली. पिवळ्या गोळ्या मात्र कायमच्या बंद झाल्या. कुबराबी वाचली.

घरी परतल्यावर पहिल्या सकाळी नियाजभाईंनी मला तिच्यापुढे ठेवले आणि तोंड फिरवले. "तूच घे. माझ्या हाताचा मला भरवसा उरला नाही."

कुबराबीने तळहात पुढे केला. "द्या ना. मला तुमच्याच हाताचा गुण येतो."

त्यांनी गोळी तिच्या तळहातावर ठेवली. त्यानंतर साधा काढा द्यायचा झाला, तरी ते आधी डॉक्टरांना विचारून येत. डॉक्टर हसत, पण उत्तर देत.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणी रोज गोळी घेत असेल. ताकदीचे म्हणून काही द्यावेसे वाटले तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि चालू असलेली गोळी आपल्या मनाने कधी थांबवू नका. काही दुखले-खुपले किंवा अंगावर डाग उठले तर लपवूही नका. आपल्यावर माया करणाऱ्यांना आपली काळजी करू द्यावी; तो त्यांचा हक्कच असतो.